जांबोटीजवळ शेतावर चार रात्री राहायचं तर फिरायचं कसं?

ताई, तुम्ही विचारलंय की पुण्याहून पाच माणसं येणार, तुम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे, बेळगाव जिल्ह्यात जांबोटी आणि खानापूरच्या मध्ये एका शेतघरात चार रात्री राहणार, तर चोर्ला, वज्रपोहा, हलशी, कित्तूर, गोकाक, दांडेली आणि दूधसागर हे सगळं कसं बसवायचं, आणि मधल्या वेळात मुलगा शेतावर कंटाळणार तर नाही ना. तारखा अजून नक्की नाहीत, जुलै किंवा नोव्हेंबर म्हणालाय. मी याच भागातली. आमचं घर जांबोटीच्या अलीकडे, भात, रताळी, थोडा काजू, चार म्हशी, आणि मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्यात, त्यामुळे तुमच्या प्रश्नाची चुलीकडची बाजू मला रोज दिसते. म्हणून जरा सविस्तर लिहिते, घाई नसेल तेव्हा वाचा.

पहिलं म्हणजे तुमच्या यादीतली निम्मी ठिकाणं या खोऱ्यातली नाहीतच. कित्तूर आणि गोकाक पूर्वेला उघड्या मैदानी मुलखात, दांडेली उत्तर कन्नड जिल्ह्यात, दूधसागर गोव्याच्या हद्दीत. जांबोटीकडून गोकाकला जाऊन यायचं म्हणजे दीडशे किलोमीटरच्या वर गाडी, अख्खा दिवस तिकडेच. असे तीन दिवस काढले की शेतावर तुम्ही फक्त झोपायला येणार, मग त्यापेक्षा बेळगावात चांगलं लॉज घेतलेलं बरं, लिफ्ट असते, रात्री अकराला पण जेवण मिळतं. शेतावर राहायचं ठरवलंय ना, तर मग घराच्या आसपासचं एकच खोरं नीट बघा, आणि ते शेताच्या वेळापत्रकाशी जुळवून बघा. माझं एकूण म्हणणं एवढंच आहे, पुढचं सगळं त्याचंच स्पष्टीकरण.

खोरं म्हणजे मलप्रभेचं. ही नदी कणकुंबीला उगम पावते, माउली देवीच्या देवळाजवळ. तिथून हब्बनहट्टी, मग कुसमळीच्या पुलाखालून, मग असोगा, मग खानापूर. हीच नदी पुढे सौंदत्तीजवळच्या धरणात अडते, पट्टदकल-ऐहोळेच्या देवळांजवळून जाते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. म्हणजे कणकुंबीला पडलेला पाऊस बंगालच्या उपसागरात. आणि तिथूनच थोडं पलीकडे, भीमगडच्या जंगलात म्हादईचा उगम, ती पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीला समुद्राला मिळते. एकाच डोंगररांगेवर पडलेलं पाणी दोन समुद्रांना जातंय आणि हे एका सकाळच्या फेरीत डोळ्यांनी बघता येतं. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र लवादापर्यंत गेले, 2018 मध्ये निवाडा आला, तो वाद याच पाणलोटाचा, कणकुंबीत म्हादईचं पाणी मलप्रभेकडे वळवायच्या कळसा कालव्याचं खोदकाम रस्त्यावरून दिसतं. तुमच्या मुलाला भूगोलाच्या पुस्तकात जलविभाजक येईल तेव्हा हे आठवेल.

दुसरी गंमत पावसाची आणि पिकांची. कणकुंबी-आमगावच्या बाजूला पाऊस असा की छत्री उलटी होते, त्याच वेळी खानापुरात मध्यम, बेळगावात भुरभुर, आणि तसंच पूर्वेला बैलहोंगलकडे गेलात तर ढग फक्त वरून जाताना दिसतात. त्याप्रमाणे जमीन आणि पीक बदलत जातं, वर लाल माती, नाचणा, भात, काजू, मध्ये भात, रताळी आणि ऊस, आणि पुढे काळी जमीन, ज्वारी, कापूस. घरांची छपरं सुद्धा बदलतात, वर उताराची कौलारू, पुढे सपाट माळवदाची. म्हणून मी पाहुण्यांना सांगते की ठिकाणं टिक करत फिरू नका, नदी धरून वरून खाली या. मग प्रत्येक ठिकाण आधीच्याशी जोडलं जातं, लहान मुलालाही कळतं की आपण कुठून कुठे आलो.

आता शेताचं घड्याळ. हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं आणि सगळी कुरकुर इथूनच सुरू होते.

आमच्याकडे पहाटे साडेपाचला धारा. सातच्या आत दूध डेअरीवर पोचलं पाहिजे. आठला न्याहारी, मग सगळी माणसं शेतात. दुपारी एकच्या सुमाराला जेवण, थोडं आडवं व्हायचं, परत शेतात किंवा वैरण, संध्याकाळी सहाला परत धारा, साडेआठ-नऊला जेवून घर झोपतं. ज्या शेतघरात खरंच शेती चालते तिथे थोड्याफार फरकाने असंच असणार. आता पाहुणे जर नऊला उठले, दहाला न्याहारी मागितली, अकराला फिरायला निघाले आणि रात्री दहाला चोर्ल्याहून येऊन गरम भाकरी मागितली, तर घरातली एक बाई दिवसभर फक्त त्यांच्यासाठी अडकून पडते, शेतातलं तिचं काम दुसऱ्या कुणावर तरी पडतं. तोंडावर कुणी काही बोलणार नाही, पाहुणा आहे म्हणून हसून वाढतील, खरं तुम्हालाही जेवण थंड मिळेल आणि घरातलं कुणी बोलायला बसणार नाही. त्यापेक्षा त्या घड्याळात स्वतःला बसवा. तुमचाच फायदा आहे, कारण इथे बघण्यासारखं जे आहे ते सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी चारनंतर. मधलं ऊन किंवा मधला पाऊस घरात काढायचा.

धारा बघायला मुलाला आवडेल, सगळ्यांनाच आवडतं, तेव्हा एक सांगते. गोठ्यात सगळ्यांनी एकदम शिरायचं नाही, मोबाईलचा फ्लॅश तर अजिबात नाही. अनोळखी माणसांची गर्दी दिसली की म्हैस पान्हा चोरते. कान मागे घेते, शेपटी आवळते, रेडकाने ढुशा मारल्या तरी सड मऊ पडत नाहीत, आणि मग अर्धा तास माझ्या सासूबाई तिच्या पाठीवर हात फिरवत बसतात तोवर डेअरीची वेळ निघून जाते. एकाने जायचं, भिंतीला टेकून गप्प उभं राहायचं, दुसऱ्या दिवशी तीच म्हैस तुम्हाला ओळखते. लेकराला पहिल्या दिवशी लांबून, दुसऱ्या दिवशी जवळून, तिसऱ्या दिवशी बहुतेक घरात त्याला धार काढून बघायला देतात. चार रात्रींचा हा फायदा, एका रात्रीच्या पाहुण्याला हे मिळत नाही.

जुलै की नोव्हेंबर, हे तुमच्याबरोबर कोण आहे त्यावर आहे. सासू-सासरे येणार असतील तर मी नोव्हेंबर सांगेन, तोही दिवाळी झाल्यावरचा. जुलैत या भागाचं रूप काही वेगळंच असतं हे मान्य, सगळीकडे हिरवं, धुकं, ओढे भरून वाहतात, खरं सलग चार-पाच दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, अंगण निसरडं, लाइट जाते, आणि ज्यासाठी लोक येतात ते धबधबे बहुतेक जंगलात आहेत, पावसाळ्यात वनखातं तिकडे जायला बंदी घालतं. वज्रपोहा हा म्हादईवरचा, गवाळी गावाच्या बाजूला, भीमगड अभयारण्याच्या हद्दीत. परवानगीशिवाय जायचं नाही, आणि भर पावसात तर परवानगीचा विषयच सोडा. दरवर्षी या बाजूला पोरं बुडतात, बंदी उगीच नसते. मलप्रभा आणि तिचे ओढे पावसाळ्यात वर कणकुंबीला पाऊस झाला की इथे ऊन असतानाही फुगतात. हब्बनहट्टीचं मारुतीचं देऊळ नदीच्या पात्रातच आहे, पावसाळ्यात ते पूर्ण पाण्याखाली जातं, कळस दिसेनासा होतो. तेव्हा तुम्ही जुलैत आलात तर ते वरून बघायचं, काठाला सेल्फीसाठी उतरायचं नाही. नोव्हेंबरात आलात तर त्याच देवळात बसून दर्शन घेता येतं, खडकातून पाणी शांत वाहत असतं, आजी-आजोबांनाही जमतं.

जुलैचं एक मोठं आकर्षण म्हणजे रोप लावण, आमच्याकडे नट्टी म्हणतात. शहरातल्या पाहुण्यांना चिखलात उतरून भात लावायची फार हौस असते आणि आम्हालाही आनंदच होतो, उगीच नाही म्हणत नाही. तरव्यातली, म्हणजे रोपं वाढवायच्या वाफ्यातली, रोपं उपटून मुठी बांधलेल्या असतात, चिखल केलेल्या वाफ्यात बायका ओळीने वाकून मागे मागे सरकत लावत जातात. तीन-चार काड्या अंगठा आणि दोन बोटांत धरायच्या, मुळं आत दाबायची आणि बोटं काढताना भोक चिखलाने बुजलं पाहिजे, नाहीतर रोप तासाभरात वर तरंगतं. तुम्ही लावलेली ओळ संध्याकाळी कुणीतरी परत बघणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. एक मात्र कटाक्षाने पाळा, बांधावरून चालू नका. बांध नुकताच ओल्या चिखलाने लिंपलेला असतो, वरून घट्ट दिसतो, आणि पाहुण्याचा पाय पडला की कडेचा भाग ढासळतो. रात्रीत त्या खाचेतून वरच्या वाफ्यातलं पाणी खालच्या वाफ्यात जातं, खत वाहून जातं, वरचं भात उघडं पडतं, आणि सकाळी घरमालक कुदळ घेऊन तिथे. वाफ्यात उतरायचं असेल तर घरचा माणूस जिथून उतरतो तिथूनच त्याच्यामागून उतरा. जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पूड कापडात बांधून ठेवतात, तीही मागून घ्या.

नोव्हेंबरात याच्या उलट, सुगी. भात कापणी, मग मळणी. आता बऱ्याच ठिकाणी मशीन येतं, तरी थोडी मळणी खळ्यावर अजून होते. खळं शेणाने सारवलेलं असतं, त्यावर चप्पल घालून जायचं नाही, आणि भाताची रास पडली असली तर तिच्यावरून उडी मारायची नाही, मुलाला आधीच सांगून ठेवा. सुगीत घरात माणसांची पळापळ असते, म्हणून जेवण साधं मिळेल, भाकरी, भात, मसुराची आमटी, ठेचा, ताक. रोज कोंबडी आणि तांबडा-पांढरा अशी अपेक्षा ठेवून आलात तर हिरमोड होईल. चांगलंचुंगलं करून खाऊ घालायला घरच्या बायकांना सवड मिळते ती मळणी आटोपल्यावर, साधारण जानेवारीत. तेव्हा थंडी चांगली असते, भात कापलेल्या शिवारात मसूर, वाटाणा हिरवागार असतो, गुऱ्हाळं चालू असतात. तुम्ही जुलै आणि नोव्हेंबर दोनच विचारलंय, खरं शाळेच्या सुट्टीचं जमत असेल तर जानेवारीचा पण विचार करा. आणि मुलाच्या दृष्टीने मला विचाराल तर दसऱ्याच्या आसपासचे दिवस, रताळी काढणीचे. आमच्या बाजूची रताळी नवरात्रात मुंबई-दिल्लीपर्यंत जातात. वेल कापून बाजूला सारायचे, वरंबा फोडायचा आणि मातीतून रताळी वेचायची, हे काम नऊ वर्षांच्या पोराला पूर्ण जमतं, त्याच्याने काही बिघडत नाही, आणि संध्याकाळी चुलीच्या निखाऱ्यात त्यानेच काढलेलं रताळं भाजून मिळतं. तेव्हा परतीच्या पावसाचा धोका असतो तेवढा धरून चला.

कंटाळ्याचं म्हणाल तर पहिला दिवस मुलं कंटाळतात, खोटं कशाला सांगू. नेटवर्क येत-जात असतं, टीव्ही बऱ्याचदा बंद. दुसऱ्या दिवशी दुपारपासून ती कुठे आहेत हे शोधावं लागतं. म्हणून पहिल्या दिवशी त्याच्यासाठी काही ठरवूच नका, त्याला गोठा, विहीर, कुत्रं, घरातली पोरं यांच्यात सोडा, फक्त विहीर आणि कुंपण लांबून दाखवून ठेवा. कुंपणाचं महत्त्वाचं आहे. गवे, डुकरं आणि अधूनमधून हत्ती शेतात शिरतात, म्हणून बऱ्याच शेतांना सोलरचं झटका कुंपण असतं. त्याला हात लावायचा नाही. रात्री जेवल्यावर टॉर्च घेऊन अनोळखी शेतातून फेरफटका मारायची आयडिया तर डोक्यातून काढूनच टाका. पिकाच्या दिवसांत माणसं माळ्यावर बसून राखण करतात, अंधारात गवा आणि माणूस लगेच ओळखू येत नाही.

आता दिवस कसे लावायचे, मी आमच्या पाहुण्यांना सांगते तसं सांगते. आल्या दिवशी काहीही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सहा-साडेसहाला निघा, घरातून भाकरी-चटणी बांधून घ्या, आदल्या रात्री सांगितलंत तर कुणीही आनंदाने देतं. थेट कणकुंबी गाठा, उगम बघा, मग चोर्ला घाटाच्या तोंडापर्यंत, खालची गोव्याकडची दरी बघायची आणि परत फिरायचं, घाट उतरायचा नाही. शनिवार-रविवार असेल तर हा बेत मधल्या वारावर ढकला, कारण बेळगावहून गोव्याला जाणारी सगळी गाड्यांची रांग याच रस्त्याला असते, वळणावर ओव्हरटेक करतात, आणि अरुंद रस्त्यावर थांबून काही बघताच येत नाही. परत येताना हब्बनहट्टी. एकच्या जेवणाला घरी. संध्याकाळी गावातच फिरा. आजोबांना गावच्या देवळाच्या पारावर सोडा, त्यांना परत आणायला जावं लागेल इतके गप्पांत रमतील.

तिसरा दिवस खानापूरकडचा. न्याहारी करून निघा, खानापूरहून हलशी 14 किलोमीटरच्या आसपास. हलशी म्हणजे जुनं पलाशिका, कदंब राजघराण्याची दुसरी राजधानी. तिथलं भूवराह नरसिंह मंदिर बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांच्या काळचं. या देवळात समोरासमोर दोन गाभारे आहेत, मध्ये उभं राहिलं की एका बाजूला वराह, पृथ्वीला उचललेला, आणि वळलं की दुसऱ्या बाजूला विष्णू. दगड इतका थंड असतो की दुपारी तिथून उठावंसं वाटत नाही. सासू-सासऱ्यांसाठी हे सगळ्यात सोयीचं ठिकाण, गाडी जवळपर्यंत जाते, फार चढायचं नाही. येता-जाता नंदगड, तिथे कित्तूरच्या राणी चन्नम्माचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा याला 1831 मध्ये इंग्रजांनी फाशी दिलं, समाधी तिथेच आहे. कित्तूरचा इतिहास तुम्हाला हवाच असेल तर कित्तूरला न जाता इथे थांबा, राणी चन्नम्माच्या लढ्याचा शेवटचा धागा इथेच येऊन संपतो. परत येताना असोगा, मलप्रभेच्या काठावरचं महादेवाचं देऊळ, जवळून रेल्वे जाते, मुलाला आवडेल. खडकांवर शेवाळ असतं, पाण्यात उतरू नका. खानापुरात मातीची भांडी आणि कौलं फार पूर्वीपासून होतात, एखादं भाकरीचं खापर घेतलंत तर गाडीत कपड्यांत गुंडाळून ठेवा.

चौथा दिवस शेताचा. त्या दिवशी गाडीची किल्ली हातात घ्यायची नाही. घरात जे काम चालू असेल त्यात जमेल तेवढं, नाहीतर ओट्यावर बसून राहायचं. हा दिवस लोक सगळ्यात आधी यादीतून कापतात आणि जाताना म्हणतात की आज अजून एक दिवस मिळाला असता तर. पाचव्या दिवशी निघताना बेळगावातून जा, कुंदा ही इथली मिठाई घ्या, आणि येळ्ळूर-शहापूरच्या शिवारातला बासमती मिळाला तर घ्या. शहर वाढतंय तसं ते शिवार कमी होत चाललंय, त्यामुळे ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतलेला बरा, शेतघराचे मालक कुणाचा तरी नंबर देतात.

भीमगडबद्दल वेगळं सांगते कारण नवऱ्यांना तिकडे जायचंच असतं. किल्ला शिवाजी महाराजांच्या काळातला, भोवतीचं जंगल 2011 मध्ये अभयारण्य झालं. तिथल्या बारापेडे गुहांत राहणारं वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं, खूप वर्षं तर हीच एक जागा माहीत होती. म्हणून गुहा पाहुण्यांसाठी नाहीत आणि नसाव्यात असंच मला वाटतं. जंगलात जायचंच असेल तर वनखात्याची परवानगी आणि त्यांचा माणूस घेऊनच, वयस्कर माणसांना घेऊन नाही. जानेवारी ते मे जंगलात गोचिड असतात, शेजारच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात 2015 पासून गोचिडांमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडलेत, तेव्हा त्या दिवसांत पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, आणि आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे वेगळे भिजत घालायचे.

दूधसागर राहिला. त्याच्यासाठी रस्त्याने तंगडतोड करू नका, रुळावरून चालत जायला तर बंदीच आहे. बेळगाव-लोंढ्याहून गोव्याला जाणारी जी गाडी कॅसलरॉकवरून दिवसा घाट उतरते त्यात बसलं की डबा धबधब्यासमोरूनच जातो. पुढच्या वेळी गोव्याला जाल तेव्हा रेल्वेने जा, झालं काम. दांडेली ही वेगळीच ट्रिप आहे, तिला तीन दिवस द्या.

गाडी स्वतःची असली तर बरं. बसेस आहेत, खरं कर्नाटकातल्या बायकांना 2023 पासून सरकारी बसचा प्रवास मोफत झाल्यापासून गर्दी खूप असते, आणि ती सवलत इथल्या रहिवाशांसाठी आहे, तुम्हाला तिकीट काढावं लागेल. बसच्या पाट्या कन्नडात असतात, लाजू नका, कंडक्टरला गावाचं नाव विचारा, खानापूर तालुक्यात मराठी बहुतेकांना येतं. पेट्रोल बेळगावात किंवा खानापुरात भरून घ्या, थोडी रोकड जवळ ठेवा, जांबोटीच्या पुढे नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. मोबाईलचा मॅप जंगलातला शॉर्टकट दाखवतो तिकडे वळू नका, पुढे वनखात्याचं गेट बंद असतं आणि गाडी वळवायला जागा नसते. अंधार पडायच्या आत घरी या, जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर गवे रस्ता ओलांडतात, आणि गव्याला हॉर्न मारायचा नाही, लाइट डिम करून थांबायचं.

सीमाभाग म्हणून दोन तारखा सांभाळा. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनेच्या दिवशी, बेळगावात मोर्चे, मिरवणुका, बंदोबस्त असतो, त्या दिवशी प्रवास नको. आणि डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन बेळगावच्या सुवर्णसौधात भरतं तेव्हा शहरात खोल्या मिळत नाहीत, कधी तणाव झाला तर दोन्ही राज्यांच्या बसेस हद्दीवरच थांबतात. बाकी गावात हा विषय पाहुण्याने आपणहून काढू नये. प्रत्येक घरात त्याच्याबद्दल काहीतरी सोसलेलं असतं, त्यांना बोलायचं असेल तर ते स्वतः बोलतील, तेव्हा ऐका.

बुकिंग करताना फोनवर भाडं विचारून फोन ठेवू नका. घरापर्यंत गाडी येते का, की शेवटचा टप्पा चालायचा आहे, सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी हे आधी. कमोड आहे का. डेअरीची वेळ काय आणि न्याहारी किती वाजता. त्या आठवड्यात शेतात कुठलं काम चालू असेल, आणि मुलाने त्यात हात घातला तर चालेल का. या प्रश्नावर मालक जर गप्प झाला किंवा म्हणाला की आमच्याकडे स्विमिंग पूल आहे, तर ते शेतघर नाही, रिसॉर्ट आहे, तुम्हाला तेच हवं असेल तर हरकत नाही पण समजून घ्या. आणि एक नक्की विचारा, गावात वार पाळणूक आहे का. आमच्याकडे बऱ्याच गावांत ठराविक दिवसांत देवीसाठी वार पाळतात, त्या वारी शेतात कुणी औत घालत नाही, काम बंद. नेमका तुमचा शेताचा चौथा दिवस त्या वारी आला तर शिवार रिकामं दिसेल, तेव्हा तिसरा आणि चौथा दिवस अदलाबदल करून घ्या, हलशीचं देऊळ त्या दिवशी पण उघडंच असतं.